कालिंदीनं दार उघडलं का नाही

मी रंगुबाई ज्ञानदेव सोनवणे, वय वर्षे चौसष्ट, धर्म बौद्ध, धंदा शिवणकाम, राहणार जळोची, तालुका बारामती, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणायला माझा मुलगा बुद्धघोष इंदापुराहून दोनदा येऊन गेला, त्याला दोन्ही वेळा जेवू घालून परत पाठवला. वकिलाकडून लिहून घे म्हणत होता. माझ्या घरात काय आहे ते वकील लिहील, का आहे ते त्याला काय ठाऊक? मी सातवी पास आहे आणि माझं अक्षर वळणदार आहे. डॉक्टरांनी काळीज तपासून सांगितलं की जिने चढू नका. आमच्या घराला जिनाच नाही, पण मला अर्थ कळला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी काढून दाखवलंच तर ते खोटं समजावं.

कलम १. जळोचीतलं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझे पती कालकथित ज्ञानदेव सोमेश्वरनगरला साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर होते. त्यांच्या पगारात मुलं शिकली, घर मात्र माझ्या शिलाईतून उभं राहिलं. मागची खोली, चूल आणि परसातला शेवगा बुद्धघोषला द्यावा. शेवगा तोडायचा नाही. पुढची खोली, जिचं दार रस्त्याकडं उघडतं, तिच्याविषयी शेवटी लिहीन. ते लिहायला धीर लागतो, म्हणून मागं ठेवलं आहे.

कलम २. पोस्टातलं पासबुक माझ्या मुलीला, मेघनाला. ती पुण्यात शिक्षिका आहे. बोरमाळ सुनेला, रश्मीला. रश्मी माझ्या भाकरीला नावं ठेवते, पण माझ्या गोळ्या वेळेवर तीच पाठवते. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून दिली आहे.

कलम ३. पायानं चालवायची शिलाई मशीन, मोठी कात्री आणि मापांच्या सगळ्या वह्या सोनमला. सोनम म्हणजे आमच्या शेजारच्या कुशाबाई सावळाराम देवकाते यांची सून. गेली चार वर्षं ती सासर सोडून माझ्याकडं राहते. सासर इथून शंभर पावलांवर आहे. कात्रीनं कागद कापायचा नाही, हे तिला शंभरदा सांगितलंय, आता लेखी सांगते.

कलम ४. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, लाकडी शटरच्या पेटीसह, कुशाबाईंना द्यावा. वाचणाऱ्यांना नवल वाटेल, कारण सोनम माझ्याकडं आल्यापासूनचा आमचा अबोला गावाला माहीत आहे. तरी द्यावा. आमच्या आळीत टीव्ही पहिला माझ्याकडं आला. दर मंगळवारी संध्याकाळी 'कालिंदीचं घर' ही मालिका लागायची आणि पुढच्या खोलीत पंधरा-वीस बायका मांडीला मांडी लावून बसायच्या. कुशाबाई सगळ्यांत पुढं. तीन वर्षांत तिनं एक मंगळवार चुकवला नाही आणि तीन वर्षांत माझ्या घरातला कपभर चहा घेतला नाही. आमच्या घरचं पाणी तिला चालत नव्हतं. मी दर वेळी कप पुढं करायची, ती दर वेळी "आत्ताच घिऊन आली" म्हणायची. पडद्यावरच्या बाईसाठी पदर ओला होईस्तोवर रडायची, आणि माझा कप तिथंच साय धरायचा. हे मी विसरलेली नाही. टीव्ही देते तो विसरले म्हणून नाही, ती बघत बसलेली मला आवडायची म्हणून देते.

टीव्ही बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बॅटरीची जबाबदारी कुशाबाईचा मुलगा, म्हणजे सोनमचा नवरा, युवराज याची राहील. का, ते खाली आहे.

कलम ५. मालिकेचा शेवटचा भाग सन १९९४ च्या ऐन हंगामात आला. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कालिंदीचा नवरा दुसरीच्या नादानं घर सोडून जातो. ही पोरांना एकटी वाढवते. सात वर्षांनी तो आजारी होऊन परत येतो आणि दार वाजवतो. दार उघडायचं का नाही, एवढाच प्रश्न शेवटच्या भागाला उरला होता. आठवडाभर आळीत दुसरा विषय नव्हता. भाकऱ्या करपल्या.

त्या दिवशी नेमकी लाईट गेली. कुशाबाईनं युवराजला हाक मारली आणि तो ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घालून घेऊन आला. बायकांनी त्याला पोटभर दुवा दिला. पण हा पठ्ठ्या उसाच्या खेपा टाकताना दिवसभर टेप लावून फिरलेला. मोठ्यानं गाणी वाजल्याशिवाय त्याचा ट्रॅक्टर हलायचाच नाही. बॅटरी आधीच मेलेली. कालिंदी उठली, दारापाशी गेली, कडीला हात लावला, आणि चित्र बारीक होत होत एक ठिपका राहिला. तोही गेला.

मग जो गलका झाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. निम्म्या म्हणाल्या उघडलंच असणार, नवरा तो नवराच. निम्म्या म्हणाल्या पायताण हाणलं असेल. तेवढ्यात माझ्या मागं भिंतीला टेकून बसलेली सोनम बोलली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, चार बायकांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती हळूच म्हणाली, "न्हाय उघडायचं." सगळ्या खोलीनं ऐकलं, तिच्या सासूनं ऐकलं आणि दारात बॅटरी सोडवत बसलेल्या युवराजनंही ऐकलं.

पुढचे आठ दिवस ज्या त्या वाटेनं वेगळा शेवट गावात आला. सोमेश्वरनगरची साखरबाई म्हणाली, दार उघडलं आणि थोबाडीत दिली. तांदूळवाडीकडची एक म्हणाली, कालिंदी दाराशीच मेली. जिचा नवरा जसा, तिचा शेवट तसा. सोनमला मात्र त्या एका वाक्यापायी दुसऱ्या दिवशी कऱ्हाटीला माहेरी नेऊन सोडलं. दोन महिन्यांनी भाऊ तिच्या ताटाकडं बघायला लागला. मग ती पिशवी घेऊन एसटीनं आली आणि सासरच्या दाराकडं न वळता माझ्या दारात उभी राहिली.

कलम ६. आता ते. मालिका संपल्यावर आठवड्यात मेघनाचं पत्र आलं होतं. पोस्टमन गेणू खरात यांनी ते माझ्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं: "आई, कालिंदीनं दार उघडलं गं. त्याला आत घेऊन पाणी दिलं. इथं शाळेत निम्म्या मॅडम रडल्या आणि निम्म्या चिडल्या. दोघींनी तर डबा एकत्र खाणं सोडलंय." पत्र मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये घातलं आणि कुणाला दाखवलं नाही. ज्या दिवशी सोनम पिशवी घेऊन उभी राहिली, त्या दिवशी तिनं आधी पाणी मागितलं नाही, जागा मागितली नाही. म्हणाली, "आज्जी, तिनं उघडलं का ओ?"

मी म्हणाले, "न्हाय उघडलं."

खोटं बोलले. कारण दिवाळीच्या ब्लाऊजसाठी बाहीचं माप घेताना तिच्या दंडावर मी चार बोटं उमटलेली बघितली होती. टेप तिथंच अडकली होती माझी. शिलाई करणारीला अंगावरचं सगळं दिसतं आणि बोलता काहीच येत नाही, कारण गिऱ्हाईक शेजारचं असतं. तेव्हा बोलले नाही, म्हणून नंतर खोटं बोलले. त्या दिवसापासून ती माझ्याकडं राहिली. काजं-बटणापासून शिकली. आज दोन शाळांचे गणवेश ती एकटी काढते आणि माझ्यापेक्षा सरळ शिवण घालते, हे मी तिला तोंडावर कधी म्हणाले नाही.

पण दोन वर्षं झाली, ज्या दारूपायी युवराजचा हात उठायचा ती त्यानं सोडली आहे. कुणी शपथ घातली नाही, आपणहून सोडली. मी विचारपूस केली, दोन ठिकाणी केली, खरं आहे. दर बाजारच्या दिवशी तो रस्त्यावर ट्रॅक्टर थांबवतो, टेप बंद करतो, वांगी नाहीतर गूळ उंबऱ्यावर ठेवतो आणि दार न वाजवता जातो. सोनम खिडकीच्या फटीतून बघते. मी विचारलं तर म्हणते, "कालिंदीनं उघडलं न्हवतं आज्जी. मी उघडलं तर लोक काय म्हंतील?" आता माझं खोटं तिच्या दाराला कडी होऊन बसलं आहे. ती त्याच्याकडं जावी असं माझं म्हणणं नाही. जाऊ नये असंही नाही. पण जे ठरवायचं ते खरं कळून ठरवावं. म्हणून माझ्या पश्चात मेघनाचं पत्र ड्रॉवरमधून काढून सोनमला वाचून दाखवावं, आणि आज्जीला माफ कर म्हणावं.

कलम ७. हे दोन आठवड्यांनी लिहीत आहे. वरच्या कलमातली शेवटची सूचना रद्द समजावी. लिहून झाल्यावर मला स्वतःची लाज वाटली. मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? मी पत्र काढलं आणि सोनमला दिलं. तिनं उभ्यानं वाचलं, घडी केली आणि मशीनवर बसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी करून पुढं ठेवायची, गोळी हातावर द्यायची. ते दोन दिवस मला फार जड गेले. ही पोर गेली तर घरात काय उरतं, हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी मशीन थांबवून म्हणाली, "कालिंदीनं उघडलं आसंल आज्जी. पर ती ऱ्हात हुती ते घर नवऱ्याच्या नावावर हुतं. न उघडून जाणार कुठं? आन हे दार कुणाच्या नावावर हाय?"

त्या प्रश्नाचं उत्तर हे मृत्युपत्र आहे. पुढची खोली, तिचं रस्त्याकडचं दार, कडी-कोयंडा आणि किल्ली माझ्या पश्चात सोनम युवराज देवकाते हिच्या मालकीची. तिनं तिथं दुकान टाकावं, एकटीनं राहावं, नाहीतर कुणाला बोलवून राहावं. ती सासरी गेली तरी खोली तिचीच राहील. कुणी तिला "घर कुणाचं" म्हणून विचारू नये. बुद्धघोष आधी म्हणाला, परक्याला कशाला? मी त्याला मापांची वही दाखवली. चार वर्षांची सगळी पानं तिच्या हातची आहेत. तो बराच वेळ पानं उलटत बसला आणि म्हणाला, "मग आई, तिचं नाव नीट लिही. उद्या कुणाला फाटे फोडता येऊ नयेत." लेक माझाच आहे शेवटी. खोलीची किल्ली मात्र मी मरायची वाट न बघता आजच सोनमच्या हातात दिली आहे.

गेल्या बाजारी युवराजनं गुळाची ढेप ठेवली आणि वळला, तेव्हा सोनमनं दार उघडलं. आत घेतलं नाही. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर तो. मला मागच्या खोलीतून तिचं एवढंच ऐकू आलं: "फुडच्या बाजारी या. पर येकटं नगं. आत्याबाईस्नी घिऊन या. त्यांच्यापुढं बोलू." तो व्हय म्हणाला. टेप न लावता गेला.

आज तो बाजारचा दिवस. तिघांचं बोलणं दोन तास चाललं, मी मध्ये पडले नाही. सोनम आज जाणार नाही. दिवाळीपर्यंत विचार करते म्हणाली, आणि कुशाबाईनं ते ऐकून घेतलं. उठताना कुशाबाई माझ्याकडं वळली. म्हणाली, "रंगूबाय, त्या रातीला पोरगी बोलली ती खरं बोलली. दंड मीबी बघितला हुता." चार वर्षांनी बोलली, पण बोलली. मला साक्षीदार एक कमी पडत होता. मी कागद पुढं केला. सोनमनं चहा आणला.

येणेप्रमाणे मी समजून उमजून लिहिलं, वाचून पाहिलं आणि खोडलेलं तसंच ठेवलं आहे, कारण तेही माझंच आहे.

ठिकाण: जळोची, तालुका बारामती
दिनांक: ८ ऑक्टोबर १९९८

लिहून देणार: रंगुबाई ज्ञानदेव सोनवणे (सही)

साक्षीदार:
१. गेणू भिमा खरात, निवृत्त पोस्टमन, जळोची (सही). ते पत्र मीच आणून दिलं होतं, आत काय होतं ते आज कळलं.
२. कुशाबाई सावळाराम देवकाते, जळोची. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. कप रिकामा करून, पदराला हात पुसून मग उठवला.