हनुवटीवरचा हिरवा

मंगळवार, संध्याकाळ

जुन्या फ्रेंच चित्रातल्या बाईची तैलरंगात नक्कल करतेय. चित्रकलेचे सर म्हणतात, सावलीत काळा घालायचा नाही. म्हणून हनुवटीवर मूळ चित्रात आहे तसा हिरवा लावला, तर बाई चक्क दाढीवाली दिसायला लागली! माझ्यानं होणार आहे का हे? वैतागून पुसायला फडकं उचललं, तेवढ्यात सासूबाई गावाहून, बेंबळीहून आल्या. चित्राजवळ वाकल्या.

"अगं, हिनंबी गोंदलंय व्हय?"

त्यांनी त्या हिरव्यावर बोट टेकवलं आणि तेच बोट कौतुकानं स्वतःच्या हनुवटीवरच्या गोंदणावर ठेवलं. ओला रंग तिथंही उमटला.

"थांबा, पुसते," म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. माझं लई फिकं पडलंय."

आता चित्रातला तरी मी कशाला पुसू?