कोरी नेली, कोरी आणा : रक्तपेढीच्या डिस्कबाबत

प्रति,
मा. अपील अधिकारी,
आरोग्य सेवा, मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : रक्तपेढीच्या सर्व्हरच्या मेमरीची नक्कल असलेली डिस्क पुसून भांडारात जमा करण्याचा आदेश रद्द होणेबाबत, तसेच रक्तपेढी तंत्रज्ञांचे निलंबन मागे घेतले जाणेबाबत.

संदर्भ : १) वैद्यकीय अधीक्षकांचे ज्ञापन, दि. ९. २) भांडारपालांची स्मरणपत्रे, दि. १२ व दि. १६.

महोदय,

१. अर्जदार ही रुग्णालयाच्या संगणक कक्षात अकरा वर्षे नोकरीस आहे. दि. ३ रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता रक्तपेढीतील परिचारिकेचा फोन आला की, पिशवीवर एक रक्तगट आहे आणि पडद्यावर दुसराच दिसतो. अर्जदार धावत खाली गेली. पाहते तो आणखी दोन पिशव्यांची तीच गत. तिन्ही नोंदी त्याच सकाळी बदललेल्या, आणि त्या बदलल्या होत्या रक्तपेढी तंत्रज्ञांच्या लॉगिनमधून. तंत्रज्ञ समोरच उभे होते. "मी सकाळपासून संगणकाला हातही लावलेला नाही," असे ते म्हणाले.

२. सदर तंत्रज्ञ हे अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचे यजमान आहेत. ज्ञापनात हे नाते "लपवून ठेवले" असे म्हटले आहे. जी गोष्ट फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून सर्वांना ठाऊक आहे, ती लपवायची कशी, हे अर्जदारास उमगलेले नाही.

३. त्या वेळी शस्त्रक्रियागृहात टेबलावर रुग्ण होता आणि वरून रक्ताची मागणी आलेली होती. परिचारिकेने संगणक बाजूला सारला, वही उघडली आणि प्रत्येक पिशवीचा गट हाताने पुन्हा तपासून मगच पिशवी वर पाठवली. चुकीची पिशवी एकाही रुग्णापर्यंत गेली नाही. याचे श्रेय तिचे आहे. ज्ञापनात तिचा उल्लेखही नाही.

४. मा. अधीक्षकांनी फोनवरून आदेश दिला, "आधी ते यंत्र बंद करा, मग बोला." अर्जदाराने तो आदेश पाळला नाही, हे येथे स्पष्ट कबूल आहे. कारण असे की, सर्व्हरच्या डिस्कवरचे बंद केल्यावरही राहते, पण त्या क्षणी आत कोण शिरले आहे आणि कोणता प्रोग्रॅम चालू आहे, हे फक्त मेमरीत असते. वीज गेली की तेही जाते. गेलेले मग ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही.

५. अर्जदाराने प्रथम घड्याळातील वेळ लिहून घेतली. सर्व्हरशी त्या क्षणी कोण जोडलेले आहे त्याची यादी घेतली, पडद्याचा फोटो काढला आणि लगेच नेटवर्कची केबल उपसली, म्हणजे बाहेरून कोणाला आणखी नोंदी बदलता येऊ नयेत. त्यानंतर भांडारातून आणलेल्या कोऱ्या डिस्कवर मेमरीची नक्कल सुरू केली. डिस्क जुनी असल्याने सव्वीस मिनिटे लागणार होती.

६. नवव्या मिनिटाला मुख्य स्विच पाडण्याचा हुकूम घेऊन वायरमन आले. विजेचा बोर्ड सर्व्हरच्या खोलीतच आहे. अर्जदार दारात उभी राहिली. ते म्हणाले, "बाई, मला नोकरी आहे हो. साहेबांना काय सांगू?" अर्जदार म्हणाली, "सांगा, बाई दारातून हलत नाही." ते गेले आणि लेखी हुकूम घेऊन परत आले. तोवर नक्कल एकाहत्तर टक्के झाली होती. त्यांनी कागद अर्जदाराच्या हाती दिला. अर्जदाराने तो वाचला, पुन्हा वाचला आणि मग पोच लिहायला पेन शोधू लागली. पेन खिशातच होते. वायरमन यांनी ते पाहिले. भिंतीला टेकून उभे राहिले. यात त्यांचा दोष धरू नये.

७. नक्कल पूर्ण झाल्यावर तिचा पडताळणी क्रमांक कागदावर उतरवून वायरमन यांची साक्षीदार म्हणून सही घेतली. नकलेत एक अक्षर जरी बदलले तरी हा क्रमांक बदलतो. डिस्क लाखेने सील केली आणि मगच सर्व्हर बंद केला.

८. दि. ६ रोजी विभागाच्या तपासनीसांनी सील उघडून, क्रमांक पडताळून नक्कल तपासली व पुन्हा सील केली. तीत एक चोरटा प्रोग्रॅम सापडला, जो केवळ मेमरीत होता. त्याच्या आडून इमारतीबाहेरच्या कोणीतरी तंत्रज्ञांचे लॉगिन वापरले होते. नोंदी बदलल्या तेव्हा तंत्रज्ञ एका रक्तदात्याच्या दंडाला पट्टा बांधत होते. चौघांनी त्यांना पाहिले आहे.

९. इतके होऊनही निलंबन कायम आहे. कारण ज्ञापनानुसार मेमरीतील "संपूर्ण मजकूर छापील व साक्षांकित स्वरूपात, तीन प्रतींत" सादर झालेला नाही. अर्जदाराने अंदाज काढला असता एका प्रतीची पाने तीन कोटींवर जातात. साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी जेवायलाही न उठता दर सेकंदाला एक सही केली तरी वर्ष लागेल. हे एका प्रतीचे झाले.

१०. दुसरीकडे भांडारपालांचे म्हणणे असे की, डिस्क कोरी दिली होती, तर ती कोरीच परत हवी, अन्यथा दि. २० रोजी ती ताब्यात घेऊन पुसण्यात येईल. दि. ७ रोजी सर्व्हर पुसून नव्याने उभा केलेला आहे. त्यामुळे त्या सकाळचे जे काही उरले आहे, ते या एका डिस्कमध्येच आहे. आज दि. १९ आहे. म्हणून डिस्क भांडारात न देता सीलबंद स्थितीत या अर्जासोबत आपल्या हाती देत आहे. ती पुसू नये व तंत्रज्ञांना कामावर घ्यावे, ही विनंती. आदेश मोडल्याबद्दल होईल ती शिक्षा अर्जदारास मान्य राहील.

११. राहिला मुख्य आरोप, की अर्जदाराने हे सर्व नात्यातल्या माणसाला वाचवण्यासाठी केले. त्याबाबत सत्य असे आहे. दारात उभी असताना हे भावोजींनीच केले, अशी अर्जदाराची खात्री होती. बढती हुकल्यापासून ते कोणाशी धड बोलत नव्हते. त्या संध्याकाळी बहिणीने विचारले, "तुला तरी वाटतं ना गं, त्यांनी नाही केलं?" अर्जदार "हो" म्हणाली. ते खोटे होते. नक्कल घेतली ती ते सुटावेत म्हणून नव्हे. त्यांनी केले असेल तर ते सिद्ध व्हावे, म्हणून घेतली. हा परिच्छेद चौकशीत वाचून दाखवला जाईल आणि ती दोघे तो ऐकतील, याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु आपण पक्षपात केला नाही, याचा याहून मोठा पुरावा अर्जदाराजवळ नाही.

१२. अर्ज टंकलिखित नाही, याबद्दल क्षमा असावी. घरात टायपिंग येणारे भावोजी एकटेच. "आण, मी करून देतो," असे ते काल दोनदा म्हणाले.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार
(सही)
संगणक कक्ष, दि. १९

सोबत :
१) सीलबंद डिस्क, एक.
२) पडताळणी क्रमांकाचा कागद, वायरमन यांच्या सहीसह.
३) पडद्याचा फोटो.
४) लेखी हुकूम व त्यावरील अर्जदाराची पोच.