पूजेसाठी बंद केलेलं मशीन

२२ सप्टेंबर
धरमपेठेतल्या स्कॅन सेंटरात आज रुजू झालो. कॉम्प्युटर सांभाळायचं काम. खुर्ची बरी, समोरच्या टपरीवरचे तर्री-पोहे तर झकास! मुख्य म्हणजे, मालक गणपतराव म्हणाले, तुझ्या आईचा स्कॅन फुकटात करू. आईचा खोकला काही केल्या जात नाही. दसरा झाला की तिला कळमेश्वरहून घेऊन येतो.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. मशीन बंद करूनच पुजायचं, ही इथली रीत. एरवी चोवीस तास चालणारा, स्कॅनची चित्रं दाखवणारा कॉम्प्युटर मीच बंद केला. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. चालू केला, तर स्क्रीन काळी. अपडेटनं नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कधीचाच आणून ठेवला होता. रिस्टार्ट होताच तो लागू झाला. चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला चालवणारा ड्रायव्हर जुना, त्याचं नव्या कर्नलशी जमेना. झाली ना पंचाईत! आता सगळे माझ्याच डोक्यावर.

३ ऑक्टोबर
जुना ड्रायव्हर नवा कर्नल घेत नाही, नवा ड्रायव्हर हे कार्ड ओळखत नाही. गणपतराव सारखे विचारतात, झालं का गा? वैताग नुसता. दुपारी स्क्रीनवर आपोआप छातीचं चित्र आलं. ड्रायव्हर चालू नव्हता. टेबलावर पेशंट नव्हता. गळ्याखालच्या हाडात स्टीलची पट्टी होती. आई स्कूटीवरून पडली तेव्हा बसवली, अगदी तीच. आणि छाती वरखाली होत होती.

४ ऑक्टोबर
कार्डच उपसून काढलं. चित्र तसंच. आईचा फोन आला, खोकला गेला, मले एकदम बरं वाटून राहिलं म्हणाली. आनंद व्हायला हवा होता. थकलो मी.

५ ऑक्टोबर
जुना कर्नल निवडायला मशीन बंद केलं. तेवढ्यात कळमेश्वरहून आईच्या शेजारच्या हर्षाकाकूंचा फोन— तुही आई ओट्यापाशी पडली, श्वासच नाही गा— मी बटन परत दाबलं. चित्र आलं. काकू ओरडल्या, उठली, उठली!
आता रिस्टार्ट नाही. कधीच नाही.

६ ऑक्टोबर
गणपतराव बाहेरून माणूस बोलावतात. दुरुस्ती म्हणजे बंद करणं. आतून कडी घातली. सकाळीच हर्षाकाकूंनी आईला इथं आणून सोडलं, ती जवळ बसली आहे. तिला सांगू तरी काय? तिचा हात थंडगार. छाती हलत नाही. स्क्रीनवरची हलते—
म्हणते, किती वेळचा बसून राहिला गा, चाल जेवाले. म्हटलं, थांब. ती उठली— कोणत्याही खोलीतून निघताना बटन बंद केल्याशिवाय ती—