मधली रांग मागे तोंड करून बसविणेबाबत

दिनांक : १९ ऑगस्ट २०१३

प्रति,
मा. उप प्रादेशिक परिवहन अधिकारी साहेब,
उप प्रादेशिक परिवहन कार्यालय, गोंदिया

अर्जदार : धनेंद्र रूपलाल हरिणखेडे, व्यवसाय शेती व बारदाना विक्री, रा. गोरेगाव, जि. गोंदिया

विषय : तीन रांगांच्या नवीन गाडीतील मधली रांग मागच्या रांगेकडे तोंड करून बसविण्यास परवानगी मिळणेबाबत, ते शक्य नसल्यास जुन्या जीपला एक फेरी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या जीपची याच महिन्यात झालेली तपासणी.

महोदय,

१. अर्जदाराची जीप पंधरा वर्षे पूर्ण झाल्याने फेरनोंदणीसाठी आपल्या कार्यालयात हजर करण्यात आली होती. निरीक्षक साहेबांनी खालून पत्रा दाबून पाहिला असता त्यांचे बोट आरपार निघाले व ते आत बसलेल्या अर्जदारास दिसले. जीप नापास झाली. त्याबद्दल अर्जदाराची काहीएक तक्रार नाही. तक्रार त्यानंतर घरात जे सुरू झाले त्याबद्दल आहे, आणि ती कोणाकडे करावी हे न कळल्याने आपणास तसदी देण्यात येत आहे.

२. अर्जदाराच्या घरी वडील रूपलाल, आई रामकली, पत्नी ओमेश्वरी व दोन मुले आहेत. बहीण शामकला हिचे सासर कोहमाऱ्यास आहे. पोळ्याला तिला आणण्यासाठी सारे घर जाते, अशी आमच्याकडील रीत आहे. आईस दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते व समोरच्याचे तोंड पाहूनच बोलणे कळते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

३. नवीन गाडी घ्यावी यावर घरात एकमत झाले. दोन रांगांची की तीन रांगांची, यावर मात्र अर्जदाराच्या डोक्याचा पार भुगा झाला. पत्नीचे म्हणणे दोन रांगांची घ्यावी. तीन रांगा दिसल्या की अर्धी गल्ली येऊन बसते आणि सामानाला जागा उरत नाही. वडिलांचे म्हणणे तीन रांगांचीच घ्यावी, कारण लेक मावली नाही तर गाडी कशासाठी? त्यांनी दोर घेऊन गोठा मोजला. तीन रांगांची गाडी एक हात बाहेर राहते असे निघाल्यावर गाईला दुसरीकडे बांधू असे ते म्हणाले. गाईचे मत कोणी विचारले नाही. बहुधा तेवढेच विचारायचे राहिले असेल.

४. सर्वांना गोंदियास शोरूममध्ये नेण्यात आले. तेथील टाय घातलेल्या मुलाने मधली सीट दुमडून वडिलांना मागच्या रांगेत बसविले. त्यांचे गुडघे छातीला टेकले. उतरताना खटका काही केल्या सापडेना, तेव्हा मागचा दरवाजा उघडून त्यांना धोतरासह बाहेर ओढावे लागले. “मी का धानाचा बोरा हाव का, मांगून उतरवाले?” असे ते सर्वांदेखत म्हणाले. त्यानंतर आई मागे बसली. थोडा वेळ पुढच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहिली आणि उतरून म्हणाली, “दोनचीच घे.”

५. घरी परतल्यावर वडिलांनी, आपण यापुढे कोठेच येणार नाही, असे जाहीर केले. आईने आपले गुडघे दुखतात म्हणून माघार घेतली. ते पाहून पत्नीनेही, मी मुलांना घेऊन घरी राहते, असे सांगितले. ही बातमी फोनवरून कोहमाऱ्यास पोहोचली व बहीण म्हणाली, “मी यस्टीनं येतो. माह्यासाठी मोठी गाडी कायले घेऊन राहिला दादा?” या हिशेबाने अर्जदारास आता मोटारसायकल पुरते. साहेब, अर्जदार खरोखर थकला आहे.

६. काल अर्जदाराने आईसमोर बसून, गुडघ्यांचे खरे काय ते सांग, असे विचारले. ती म्हणाली, “मांगं बसलो त शामकलाचं डोस्कं दिसंल. बाजूले बसलो त कान दिसंल. तोंड कोठी दिसंल?”

७. अर्जदार पंधरा वर्षे ती जीप चालवीत होता, पण मान वळवून मागे कधी पाहिले नव्हते. जुन्या जीपमध्ये मागे दोन लांब बाके समोरासमोर आहेत. एकावर आई बसे, दुसऱ्यावर बहीण. सासरी चारचौघांत बहिणीला मन मोकळे करता येत नाही आणि माहेरी आली की शेजारपाजार जमतो. कोहमारा ते गोरेगाव या रस्त्यावर मात्र ती ओठ सावकाश हलवून सारे सांगे व आईला सारे कळे. जीपच्या खडखडाटात ते दुसऱ्या कोणाला ऐकू येत नसे. अर्जदारास तो खडखडाट म्हणजे गाडीतील दोष वाटत असे.

८. सबब विनंती की, नवीन गाडीची मधली रांग मागे फिरविण्यास परवानगी द्यावी. हे नियमात बसणार नाही, असे शोरूमवाल्याने हसून सांगितले आहेच. ते बसत नसेल तर पोळ्याच्या आदल्या दिवशी जुन्या जीपला गोरेगाव ते कोहमारा व परत, अशी एकच फेरी मिळावी. सडलेल्या पत्र्यावर सागाची फळी ठोकण्यात आली आहे. परत येताच जीप मोडीत काढून कागदपत्रे आपल्या कार्यालयात जमा करण्यात येतील. त्यानंतर दोन रांगांची घ्यावी की तीन, हे साहेबांनीच सांगावे; अर्जदार मुकाट्याने घेईल.

९. उत्तर घरी न पाठविता बारदाना दुकानाच्या पत्त्यावर पाठवावे. आपल्याला दोन रांगांचीच गाडी आवडली, असे आई घरात सर्वांना हसून सांगत आहे.

आपला नम्र व थकलेला,
(सही)
धनेंद्र रूपलाल हरिणखेडे

सोबत : १) जीपचे नोंदणी पुस्तक. २) ठोकलेल्या फळीचा फोटो. (फोटोत बाकावर बसलेली व्यक्ती अर्जदाराची आई आहे. तिला उठविता आले नाही.)