रिहाबची नोकरी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लेकीचं, रिहाबचं पार्सल आलं. ह्यांच्या गुडघ्यांसाठी मलमाच्या दोन नळ्या, लोकरी मोजे तीन जोड, मला आतून घालायचा गरम सदरा, कॉफी. शेजारच्या सलूहाच्या मुलाने, उसामाने फ्रान्सहून येताना आणलं आणि भाडं म्हणून पंधरा दिनार मागून घेतले. म्हणे शेजारी! चहा-बिस्किटं वेगळी, ती मांडत नाही.

चहा पिताना उसामा म्हणाला, रिहाब कत्तलखान्यात जनावरांची डॉक्टर आहे खरी, पण ती राहते त्या भागात गाई-मेंढ्यांचा कत्तलखाना नाहीच. सगळी डुकरं. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. म्हणजे ह्यांना माहीत होतं.

बुधवार, ५

फोनवर विचारलं. तिने लपवलं नाही. "हो उम्मी, डुकरंच. मी कापत नाही, खात नाही. आजारी जनावर पुढे जाऊ देत नाही, आणि मरताना त्याचे हाल होऊ नयेत एवढं बघते."

ह्यासाठी का सहा वर्षं शिकलीस, म्हटलं. तर म्हणे, गावात नेमणूक मिळवून दे, उद्या येते. तिच्या वर्गातले निम्मे परदेशात, उरलेले औषधं विकत फिरतात नाहीतर कोंबड्यांच्या कंपनीत. खोटं नाही. आपल्या इथले जनावरांचे डॉक्टर निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली, दवाखान्याला कुलूपच आहे. स्वतःचा दवाखाना काढायचा तर भांडवल कुठून आणणार?

सगळं कळतं. तरी तोंडून गेलं – ते पैसे माझ्या चुलीपर्यंत आणू नकोस. रमजानला येशील तेव्हा रिकाम्या हाताने ये.

"बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवार, ९

फोन नाही. ती पाठवते त्या पैशाला हात लावत नाही. मसुराचं सूप, कालची रोटी, मिरचीचा हरिसा. हे म्हणाले, "मोजे पायात आहेत माझ्या. काढू का?" मी रोटी मोडत राहिले.

शुक्रवार, १४

नमाजनंतर इमाम सी तय्यबना मशिदीच्या दारातच गाठलं. असला पगार हलाल की हराम, हे बेजा शहरातल्या मोठ्या आलिमांना विचारून सांगतो म्हणाले. निघता निघता थांबून मला म्हणाले – "लल्ला मन्नूबिया, डुकराला कुणी निर्माण केलं, हे तर कुणाला विचारायला नको ना?"

घरी येईपर्यंत राग राग झाला. तेही तिच्याच बाजूचे!

मंगळवार, १८

फोन नाही. रोज पहाटे एकच दुआ – तिचं ते काम सुटू दे.

सोमवार, २४

आमची गाय हमरा सकाळपासून कळा देत होती. वासराचं नाक दिसलं, एक पाय बाहेर, दुसरा येईना. बेजाच्या खाजगी डॉक्टरला फोन केला. तो कोंबड्यांच्या फार्मवर, उद्या येतो म्हणाला. उद्यापर्यंत गाय राहिली असती तर ना! ह्यांनी मला न विचारता रिहाबला फोन लावला आणि तिला दिसेल असा धरून उभे राहिले.

पहिल्याच घंटीला उचलला. कशी आहेस नाही, काही नाही. बांगडी काढ, हात खांद्यापर्यंत साबणाने धू, मग तेल लाव. मी ऑलिव्हच्या तेलाची वाटी पुढे केली.

"उम्मी, बरणी घे. तेलाचा हिशेब उद्या."

हात आत घातला. कळ आली की थांब, ओसरली की वासराला मागे ढकल. माझा दंड दोनदा असा आवळला गेला की मोडला वाटलं. ती एका सुरात बोलत होती. गुडघा दुमडलाय, चाचपडत खाली जा, खूर सापडेल, तो मुठीत झाक नाहीतर पिशवी फाटेल. सापडला! ओला, धारदार. मुठीत धरून पुढे आणला. मग दोन्ही पायांना दोरी, आणि गाय जोर करेल तेव्हाच ओढायचं. वासरू पडलं ते निपचित. नाकात गवताची काडी फिरव म्हणाली. फिरवली. शिंकलं.

कालवड आहे.

मी म्हटलं जा आता, कामावर खोळंबा झाला असेल.

"काम कुठलं, उम्मी. सोडलं मी. तू बोललीस त्याच आठवड्यात." आता म्हणे शीतगृहात भाज्यांची खोकी भरते.

तुझ्या जागी कोण, विचारलं. कुणी मिळालेलं नाही. दुसऱ्या कत्तलखान्याचा डॉक्टर धावत येतो, सह्या करतो, जातो.

"आणि ती जनावरं?"

"जनावरं कापायला नेणारा पट्टा दोनदा थांबवला होता मी. भूल नीट लागली नव्हती, शुद्धीवर होती ती. साहेब ओरडले, तरी थांबवला." मग म्हणाली, "आता कोण थांबवणार."

मंगळवार, २५

मागितलं ते मिळालं. सजद्यात गेले, पण आभार काही तोंडातून निघेनात. उठले, कालवडीला पाजायला गेले.

बुधवार, २६

तिला इकडेच बोलावून घेऊ या का, ह्यांना विचारलं. म्हणाले, "येऊन काय करेल? दवाखान्याच्या कुलपाला इंजेक्शन देईल?" दंडावर काळेनिळे वळ आहेत. हे तिचंच मलम लावून देत होते. मी लावू दिलं.

शुक्रवार, २८

आलिमांचं उत्तर आलेलं नाही. थांबले नाही. फोनवर रडू आलं असतं, म्हणून पत्र लिहिलं. ह्यांचा जन्म टपालात गेला – तिकीट स्वतः चिकटवलं, स्वतः टाकून आले. चारच ओळी:

"रिहाब, तुझी जागा अजून रिकामी असेल तर परत जा. पट्ट्यापाशी उभी राहा. अल्लाहपुढे जाब द्यायची वेळ आली तर सांग, उम्मीने पाठवलं; पुढचं मी बघेन. पुन्हा घेतात का, ते उलट टपाली कळव."