बाबांच्या मयतीची रजा

६ जून, बुधवार
या दवाखान्यात रुग्णाजवळ घरचे माणूस नसेल, तर त्याला कोणी पाणीही देत नाही. म्हणून आवारातल्या चुलीवर मी लापशी करते, बाबांचे कपडे धुते आणि मनातल्या मनात चडफडते. ग्रंथालयातली माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. तिथल्या मुख्य चिसाले बाईंनी स्पष्टच सांगितले, "कोणी गेलं तर हवी तेवढी रजा घे, पोरी. आजारपणाला सोमवारपर्यंतच."
मरणाला रजा, जगवण्याला नाही!

८ जून, शुक्रवार
लिंबानीदादा आला. बाबांसाठी शिजवलेली मक्याच्या पिठाची न्सिमा स्वतःच जेवला. "सोमवारपासून मी बसतो इथं, तिओंगे. कचेरीतून रजा मिळाली."
कशी मिळाली, हे मी विचारले नाही.

११ जून, सोमवार
दादा नाही. फोन बंद.

१२ जून, मंगळवार
दादाच्या कचेरीचा ट्रक आवारात शिरला. मागे उभी माणसे शोकगीत गात होती. पायाशी मयतीच्या जेवणासाठी मक्याच्या पिठाची पोती, सरपण. घराला कुलूप दिसले म्हणून प्रेत न्यायला थेट इथे आली. एक बाई माझ्या गळ्यात पडून रडू लागल्या.
खिडकीतून बाबांचा आवाज — "कोण गेलं गं?"
"तुम्ही," मी म्हणाले. दुसरे काही सुचले नाही.
बाबा त्यांना म्हणाले, "पीठ ठेवून जा. परत यायचा त्रास वाचेल." सगळे हसले. मी नाही.

१३ जून, बुधवार
दादा उगवला. त्या रजेत तळ्याकाठी मित्राच्या लग्नाला गेला होता!
"आजाराला रजा देत नाहीत, तिओंगे. दुसरं काय सांगणार?"
"मग रजा घेऊन इथे का आला नाहीस?"
"तुला जमतं हे. मला बघवत नाही."
बघवत नाही म्हणे. मला जणू पाहण्याची हौसच आहे.
ग्रंथालयाचा निरोप — शुक्रवारी हजर हो, नाहीतर जागा दुसरीला. बाबांनी ऐकले. "तूही सांग, मी गेलो म्हणून. एकदा मेलोच आहे."
सांगणार नाही. नोकरी गेली तरी सांगणार नाही.

१५ जून, शुक्रवार
बाबा सकाळी गेले. दादाच्या कचेरीतून कोणी आले नाही. त्याच्यावर कोणाचा विश्वासच बसला नाही. मंगळवारचेच पीठ शिजवले.
दुपारी चिसाले बाई आल्या. "हवी तेवढी रजा घे, पोरी."