व्हॅनसाठी पाने आणि हातमोजे

सोहार, ओमान

प्रिय समीक्षा,

इथला निलेश सुट्टीवर निघालाय, शुक्रवारी गावी पार्सेला पोचेल. त्याच्याकडे हे पत्र आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या दिल्यात. पत्र तुझ्याच हातात दे म्हणून सांगितलंय, कारण फोन तू स्पीकरवर टाकतेस आणि बाजूला आई असते. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालल्यासारखं, तरी सगळं वाच. बाबांचा उजवा हात लुळा पडल्यापासून व्हॅन तू चालवतेस. रविवारी तू तिची मागची चाकं काढून ब्रेकचं काम करणार, आणि सोमवारी त्याच व्हॅनमधून नऊ पोरं पेडण्याच्या शाळेत नेणार. माझा जीव त्यात अडकलाय.

हत्यारं कुठली घेऊ म्हणून विचारलंस. पेटी बघून भुलू नको गे. चकचकीत पेटीतली निम्मी हत्यारं तुला लागणार नाहीत, आणि लागतील ती पहिल्या जोराला वाकतील. आठपासून चोवीस नंबरपर्यंतचे पाने सुटे घे. हातात धरून बघ, जड लागला पाहिजे. गंजलेला नट असेल तर उघड्या तोंडाचा पाना लावू नको, रिंगचा लाव. उघडा सटकतो, नटाचे कोपरे खातो, आणि तुझी बोटं जाऊन पत्र्यावर आपटतात. सॉकेट सहा कोनांचं माग. दुकानदार बारा कोनांचं गळ्यात मारायला बघेल, तो विकायलाच बसलाय. दहा नंबरचे दोन घे, एक हरवतोच. इथं आठवड्याला एक तरी हरवतो आणि बोलणी मला बसतात.

हातमोजे पांढरे विणलेले घेऊ नको. ते तेल पितात, ब्रेकचं तेल तर कातडीला धरून बसतं. मी काळे रबरी पाठवलेत, मधल्या मापाचे. बोटांच्या टोकाला पोकळ राहिलं तर घालू नको, नट हाताला कळत नाही. आणि इंजिन चालू असताना त्याच्या फिरत्या पट्ट्याजवळ कुठलाच मोजा नको. पट्टा मोजा ओढतो आणि मोज्याबरोबर हात जातो. इथं एकाचं तसं झालं. त्याचा दुसरा मोजा धुवायला आला तेव्हा मला समजलं.

तू फोटो पाठवलास त्यात व्हॅन जांभ्याच्या चिऱ्यांवर उभी आहे. आपल्याकडे घराला चिरा, कुंपणाला चिरा, तसाच गाडीखालीही चिरा. बाबा शिरगावच्या खाणीवर ट्रकखाली ओंडका घालायचे, चिरा कधीच नाही. म्हणायचे, लाकूड करकरून सांगतं तरी, चिरा न सांगता भुगा होतो. त्यांनाच विचार, हात चालत नसला तरी जीभ चालते. लोखंडी स्टँड आणल्याशिवाय खाली शिरू नको.

मला कुठं बसवतच नव्हतं, तुला ठाऊक आहे. शाळा नको, काजू नको, बाबांच्या शेजारी गाडीत बसून शिकणं तर नकोच. पळालो. दसऱ्याला फोटो पाठवला, हातात मोठा पाना, मागे उघडलेलं बॉनेट. आईने तो अख्ख्या वाड्याला दाखवला. रुक्मिणीकाकी भाच्याला इकडे चिकटव म्हणाली. परवा आई हसत सांगत होती, पेडण्याचा गॅरेजवाला बाबाजी आठ दिवस थांब म्हणाला तर तू त्याला ऐकवलंस, "माझा भाऊ ओमानात मेकॅनिक आहे, मी कशाला थांबू?" मीही हसलो. मग जेवण गेलं नाही.

समीक्षा, मी मेकॅनिक नाही. कधीच नव्हतो. गॅरेजच्या हत्यारखोलीच्या खिडकीत बसतो. मागतील तो पाना देतो, परत आला की पुसून ठेवतो, हातमोजे धुतो. कुठला पाना वाकतो, कुठला मोजा फाटतो, ते मला डोळे मिटून सांगता येतं. पण ब्रेक उघडल्यावर आत काय असतं ते मी धड पाहिलेलंसुद्धा नाही. गाडी कर्र करते म्हणालीस तेव्हा, ब्रेकशू बदल, घरीच होईल, दोन तासांचं काम, असं मीच बोललो. इथली माणसं बोलतात तसं नुसतं बोलून गेलो, आणि तू खरं धरलंस. नंतर तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा आईने घेतला आणि मी जेवलीस का विचारून ठेवला. तुला मेसेज लिहिला आणि पुसला. आता निलेशचं विमान वेळेवर सुटू दे, एवढंच माझ्या हातात, म्हणजे तेही नाहीच. ब्रेकला हात लावू नको. उघडला असशील तर तसाच ठेव, आणि बाबाजीला घरी बोलावून आण, वाटल्यास हात जोड. सोमवारी पोरांचे आईबाप दारात येतील. त्यांना सांग, गाडी बंद आहे. का म्हणून विचारलं तर माझं नाव सांग.

तुझाच, आहे तसा,
गौरेश